जुनं तेल ओतून देण्याआधी

गेल्या अंकात ऑफ-रोड यूटिलिटी गाड्यांच्या, म्हणजे यूटीव्हींच्या, ड्राइव्ह बेल्टबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते: ‘बेल्टकडे जितकं बघता तितकंच गिअरबॉक्सच्या तेलाकडे बघा.’ पत्रांचा पाऊस पडला तो त्या एका वाक्यावर. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

या गाड्यांवर मी बावीस वर्षं काम करते आहे. इंजिनाचं तेल लोक वेळेवर बदलतात, कारण त्याला दिवा असतो, पातळी बघायची दांडी असते, आणि सगळे त्याबद्दल बोलतात. गिअरबॉक्सला बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. तो वर्षानुवर्षं मुकाट्याने ओढतो आणि एके दिवशी खाड्‌कन आवाज करून बसतो. मग उघडलं की आत जे दिसतं ते बघून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण लिटरभर तेलात ते टळलं असतं.

प्रश्न: माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. क्लचचं पेडल नाही, फक्त हाय, लो, न्यूट्रल आणि रिव्हर्स. म्हणजे तिच्यात कारसारखं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, पडणार ना? दुकानदार म्हणतो गिअर ऑइल टाका, मित्र म्हणतो इंजिन ऑइलच चालतं. कोणाचं ऐकू?

दुकानदाराचं आणि मित्राचं, दोघांचंही बरोबर असू शकतं, पण वेगवेगळ्या गाड्यांबद्दल. तुमच्या गाडीत नेमकं काय आहे ते आधी समजून घेऊ.

बहुतेक यूटीव्हींत दोन यंत्रणा एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. पहिली सीव्हीटी: दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये रबरी बेल्ट. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीच्या तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट तिथे वर चढतो. मागच्या पुलीच्या तबकड्या फाकतात आणि तिथे तो खाली उतरतो. तुम्ही ज्याला ऑटोमॅटिक म्हणता ते हेच. कल्पना जुनी आहे. हब व्हान डोर्ने यांच्या डॅफ कंपनीने १९५८ साली डॅफ ६०० ही छोटी कार अशाच रबरी बेल्टवर पळवली होती. ही यंत्रणा पूर्ण कोरडी असते. तिथे तेलाचे चार थेंब गेले तरी बेल्ट घसरतो, तापतो आणि जळतो. बेल्टच्या डब्याला खाली एक छोटा प्लग असतो, तो आत शिरलेलं पाणी काढण्यासाठी. ‘प्लग उघडला, पण तेलाचा थेंबही आला नाही, गाडी कोरडीच चालली होती की काय’ अशी घाबरलेली दोन पत्रं या महिन्यात आली आहेत. त्या दोघांनी निर्धास्त राहावं, तो प्लग तेलाचा नव्हेच. मात्र तिथून तेल आलं, तर काळजी करा. गिअरबॉक्सचं किंवा इंजिनाचं सील गेलं आहे.

दुसरी यंत्रणा म्हणजे खरा गिअरबॉक्स. हाय, लो आणि रिव्हर्सची चाकं त्यात असतात, आणि कित्येक गाड्यांत मागच्या चाकांना फिरवणारी शेवटची जोडीही त्याच पेटीत असते. ही चाकं तेलात बुडून फिरतात. आपण बदलायचं ते हे तेल. बहुतेक बेल्टवाल्या गाड्यांत ते गिअर ऑइलच असतं, किंवा कंपनीचं स्वतःचं वंगण. पोलॅरिसचं उदाहरण घ्या: गिअरबॉक्ससाठी एजीएल आणि पुढच्या गिअरकेससाठी, म्हणजे पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या पेटीसाठी, डिमांड ड्राइव्ह अशी त्यांची दोन वेगळी तेलं आहेत, आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

आता अपवाद. होंडाच्या पायोनिअर १००० मध्ये बेल्टच नाही. तिच्यात दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे आणि तो इंजिनाच्याच तेलावर चालतो. क्लच तेलात भिजलेला असल्यामुळे तिथे जासो एमए दर्जाचं, म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, तेल लागतं. कारचं साधं तेल घसरपट्टी करून ठेवतं. कुबोटाच्या आरटीव्हीत अनेक मॉडेलांना हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन आहे. तिथे तेल नुसतं वंगण नाही, तेलाच्या दाबावरच गाडी चालते. म्हणून त्याला हायड्रॉलिक-ट्रान्समिशनचं तेल आणि सोबत फिल्टर लागतो. त्यात गिअर ऑइल ओतणं म्हणजे पंपाचा जीव घेणं.

म्हणून दुकानदाराचं नाही, मित्राचं नाही आणि माझंही नाही. तुमच्या मॉडेलच्या आणि त्याच वर्षाच्या मॅन्युअलचं ऐका.

आकड्यांचे दोन गैरसमज मात्र इथेच काढून टाकते. ‘७५डब्ल्यू-९० हे १०डब्ल्यू-४० पेक्षा दुप्पट घट्ट’ असं लोक समजतात. तसं नाही. गिअर ऑइलचे आणि इंजिन ऑइलचे आकडे दोन वेगळ्या पट्ट्यांवर मोजलेले असतात. गिअर ऑइलचं ९० हे इंजिन ऑइलच्या ४० ते ५० च्या आसपास येतं. दुसरा गैरसमज जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दर्जांचा. पाच चारापेक्षा मोठा म्हणून पाच चांगलं, असा हिशोब नाही. जीएल-५ मध्ये प्रचंड दाब सहन करणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात, आणि ती तापल्यावर काही पितळी भागांना खातात. मॅन्युअलमध्ये चार लिहिलं असेल तर चारच टाका.

प्रश्न: पहिल्यांदाच स्वतः तेल बदलणार आहे. अवजारं आहेत, हिंमतही आहे. कुठे चुकेन?

हिंमत आहे हे वाचून बरं वाटलं. जिथे जिथे मी चुकले किंवा इतरांना चुकताना पाहिलं, त्या जागा सांगते.

गाडी पाच-दहा मिनिटं चालवून आणा. गार तेल काकवीसारखं ओघळतं आणि तळाचा गाळ तळालाच ठेवून येतं. तेल ऊबदार हवं, उकळतं नको; शेजारी सायलेन्सरचा पाइप असतो आणि तो कोपर भाजतो. गाडी सपाट जागी उभी करा, पार्कमध्ये टाका, चावी काढून खिशात ठेवा आणि चाकांना अडणी लावा. बऱ्याच यूटीव्ही इतक्या उंच असतात की जॅक लागतच नाही. लागलाच तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली एक हातसुद्धा घालू नका, आधी स्टँड लावा. शिवाय पुढून उचललेल्या गाडीत तेल मागे साचतं, म्हणजे पातळी चुकते. भरायच्या वेळी गाडी पुन्हा सपाटच हवी.

मग प्लगांच्या भोवती साफ करा. ब्रशने, मग फडक्याने, मग पुन्हा फडक्याने. या गाड्यांच्या अंगावर वाळू आणि चिखल सुकून बसलेला असतो आणि प्लग निघाल्याबरोबर तो आत पडतो. तुम्ही तेल बदलताय ते गिअरचे दात झिजू नयेत म्हणून. त्याच वेळी चिमूटभर वाळू आत गेली तर सगळं मुसळ केरात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आधी तेल भरायचा प्लग उघडा, मग तेल काढायचा. मी शिकत होते तेव्हा एका गाडीचं तेल उत्साहाने काढून टाकलं आणि मग भरायचा प्लग हलेचना. गंजून बसला होता. त्याचा षट्कोन गोल झाला, संध्याकाळ झाली, गाडी रिकामी, आणि मालक चावी मागायला दारात उभा. तो प्लग शेवटी तापवून, छिन्नीने फिरवून निघाला. तेव्हापासून इतकी वर्षं झाली, पण भरायची जागा मोकळी झाल्याशिवाय मी खालच्या प्लगला पाना लावत नाही. वरचा उघडल्याने हवाही आत जाते आणि तेल गचके न खाता सरळ धारेने पडतं.

ट्रे मोठा घ्या. गाडीच्या पोटाखाली संरक्षक पत्रा असतो आणि त्याच्या भोकातून तेल काढायचं असतं. पहिली धार तिरपी येते आणि अर्धं तेल पत्र्यावर पसरतं. ते तसंच राहिलं तर पुढचे पंधरा दिवस टपटपत राहतं आणि तुम्ही मला ‘सील गेलं’ म्हणून पत्र लिहिता. शक्य असेल तर पत्राच सोडवा. चार बोल्ट जास्त काढावे लागतील, पण पत्र्यावर साचलेला मणभर चिखलही निघेल.

सगळं निथळू द्या. पंधरा-वीस मिनिटं द्या, घाई करू नका. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात ओता आणि किती निघालं ते लिहून ठेवा. हे कोणी करत नाही आणि मला त्याचं फार वाटतं, कारण त्या एका आकड्यात पुष्कळ काही असतं. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा बरंच कमी निघालं तर कुठेतरी गळतंय किंवा मागच्या वेळी कमी भरलं होतं. जास्त निघालं तर जास्त भरलं होतं, नाहीतर पाणी शिरलंय.

काढायच्या प्लगचा वॉशर चेपून बसणारा असेल तर नवा घाला, ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, असेल तर तीही नवी, तेलाचं बोट लावून. ओ-रिंगच्या प्लगला पांढरी टेप गुंडाळू नका. टेपचे तुकडे आत जातात आणि तिथे तिचं काही कामही नसतं. प्लगचे पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवा. पेटी ॲल्युमिनियमची आहे आणि प्लग पोलादाचा. भांडण झालं तर पेटीच हरणार. नंतर टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, आणि रेंचवरचं एकक दोनदा वाचा. १८० इंच-पाउंड म्हणजे १५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण २० न्यूटन-मीटर. एका वाचकाने इंच-पाउंडाचा आकडा फूट-पाउंड समजून जोर लावला आणि आटे सोलून हातात आले, असं त्याने कळवलं आहे. त्या वाचकाला सांगते: पेटी फेकू नका. भोक मोठं करून त्यात पोलादी आट्यांची गुंडाळी बसवता येते आणि चांगली टिकते. फक्त ड्रिलचा कीस आत जाणार नाही हे बघणाऱ्या माणसाकडूनच बसवून घ्या.

भरायची जागा अशी अडचणीत असते की नरसाळं बसत नाही. हातपंप किंवा मोठी सिरिंज आणि हातभर नळी घ्या. काही गाड्यांत तेल भोकाच्या खालच्या कडेला येऊन ओघळायला लागलं की पुरे. काहींत दांडीवर खूण असते, आणि दांडी आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हेही मॅन्युअलच सांगतं. काहींत फक्त माप दिलेलं असतं. भरलं की पाच मिनिटं थांबा. मग गाडी सुरू करून थांबल्या जागी सगळे गिअर एकेकदा टाका, थोडी पुढे-मागे करा, बंद करा आणि पातळी पुन्हा बघा. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हे इथे लागू नाही. जास्त तेल चाकं घुसळतात, त्याचा फेस होतो, फेस तापतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे पेटीच्या श्वासाच्या नळीतून, नाहीतर सीलमधून बाहेर पडतो.

प्रश्न: किती दिवसांनी बदलायचं?

दिवसांनी नाही, तासांनी. म्हणून डॅशबोर्डवर तासांचं मीटर असतं. नवी गाडी असेल तर पहिली बदली लवकर हवी. अनेक कंपन्या पहिल्या २०-२५ तासांनी सांगतात, कारण नवे दात एकमेकांत बसताना सगळ्यात जास्त कीस निघतो. पुढे बऱ्याच मॅन्युअलमध्ये १०० तास किंवा वर्ष, जे आधी येईल ते. पाण्यात, चिखलात किंवा ओझं ओढण्यात गाडी राबत असेल तर याच्या निम्म्यावर या. पाण्यात बुडून आली असेल तर आकडेच विसरा आणि पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न: ओढा ओलांडताना गाडी सीटपर्यंत पाण्यात गेली. बंद पडली नाही, घरी आणली. आठवड्याने गिअरबॉक्सचा प्लग उघडला तर दुधाळ चहासारखं तेल आलं. सगळे सील गेले का? गिअरबॉक्स तर नवाच आहे.

सील गेले असतीलच असं नाही. पाणी कसं शिरलं ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी टळेल.

गाडी चालून तापलेली होती. गिअरबॉक्समध्ये तेलाच्या वर हवा असते, तीही तापलेली. समजा ती ९० अंशांवर होती आणि ओढ्याच्या पाण्याने झटक्यात २० अंशांवर आली. बंद पेटीतली हवा इतकी गार झाली की तिचा दाब जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरतो. म्हणजे पेटी बाहेरचं काहीतरी आत ओढू बघते. तिला श्वास घेता यावा म्हणून ब्रीदरची नळी असते आणि ती वर, सीटमागे किंवा त्याहून उंच, नेलेली असते. ती मोकळी असेल आणि तिचं तोंड पाण्याबाहेर असेल तर हवा आत जाते आणि काही बिघडत नाही. ती चिखलाने बुजली असेल, चिमटली असेल किंवा निसटून खाली लोंबत असेल, तर पेटी सीलच्या ओठातून किंवा थेट नळीतून पाणी ओढते. सील आतलं तेल बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेलं असतं. उलट्या बाजूने येणाऱ्या पाण्याला ते तितकं अडवत नाही.

तर पहिलं काम नळीचं. शोधा, सोडवा, फुंकर मारून बघा. फुंकर पलीकडे गेली नाही तर तुमचा चोर सापडला. साफ करा, लागलं तर नवी नळी लावून अजून वर न्या. आणि दाबाच्या पाण्याने गाडी धुताना नळीच्या तोंडावर आणि ॲक्सलच्या सीलवर फवारा रोखू नका. ओढा वर्षातून दोनदा येतो, धुणं मात्र दर आठवड्याला.

आता तेल. दुधाळ तेल एकदा काढून नवं भरलं की काम झालं असं समजू नका, कोनाकोपऱ्यांत आणि बेअरिंगांत ते चिकटून राहतं. त्याच ग्रेडचं साधं तेल भरा, गाडी हळू दोन-चार किलोमीटर फिरवा, ऊबदार असताना काढा. अजून धुरकट असेल तर पुन्हा तेच. स्वच्छ आलं की मग चांगलं तेल भरा. रॉकेल किंवा डिझेलने आतून धुऊ नका. जे आत उरतं ते नव्या तेलाला पातळ करतं.

तुमच्या पत्रातली मला खुपलेली गोष्ट म्हणजे तो आठवडा. पाणी मिसळलेल्या तेलात उभी राहिलेली बेअरिंग गंजायला लागतात, आणि बेअरिंगवरचा गंजाचा एक ठिपका पुढे खड्डा होतो. पुढच्या वेळी त्याच दिवशी उघडा. आणि नुसता गिअरबॉक्स नाही. पुढचा गिअरकेस, असेल तर मागचा, बेल्टचा डबा, एअर फिल्टरचा डबा, इंजिनाची दांडी, सगळं बघा. पाणी गिअरबॉक्सपर्यंत आलं म्हणजे शेजाऱ्यांच्या घरीही गेलं असणार.

प्रश्न: काढायच्या प्लगला चुंबक आहे. त्यावर काळपट लेप आणि दोन-तीन चकाकणारे कण होते. तेलाला वासही उग्र येतो. फोटो पाठवतो आहे. घाबरू का?

या पत्राने माझा दिवस चांगला गेला, कारण तुम्ही पुसण्याआधी पाहिलंत. जुनं तेल म्हणजे गाडीने वर्षभर लिहिलेली वही आहे आणि बहुतेक लोक ती न उघडता रद्दीत टाकतात.

तुमच्या फोटोत जे दिसतं त्याने घाबरू नका. राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप ही नेहमीची झीज. बोटांत चोळून बघा. बुळबुळीत लागला, बोचला नाही, तर ठीक. केसासारखे दोन-तीन बारीक कणही पहिल्या बदलीत चालतात. पुढच्या बदलीत लेप कमी झालेला दिसायला हवा. वाढला तर मला पुन्हा लिहा.

घाबरायचं कधी ते सांगते. पापुद्र्यासारखे, किंचित वक्र तुकडे दिसले तर बेअरिंगच्या गोळ्या जिच्यावर फिरतात ती वाट सोलते आहे. एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी ओबडधोबड असलेला तुकडा दिसला तर तो दाताचा टवका आहे. अशी गाडी सुरू करू नका, पेटी उघडावीच लागणार. आणि हे लक्षात ठेवा, की चुंबक फक्त पोलादाबद्दल बोलतो. पितळ आणि ॲल्युमिनियम त्याला चिकटत नाहीत. ते ट्रेमध्ये शोधायचं. जुनं तेल उन्हात किंवा बॅटरीच्या उजेडात हळू हलवा. सोनेरी झाक फिरताना दिसली तर एखादा पितळी वॉशर किंवा बुश झिजतो आहे. पांढऱ्या सुती फडक्यातून तेल गाळलं तर कण वर राहतात आणि नीट बघता येतात. मी प्रत्येक गाडीचं तेल असं गाळते, चुंबकाचा फोटो काढते आणि त्यावर मीटरचे तास लिहिते. एका फोटोवरून फारसं कळत नाही, चार फोटो शेजारी ठेवले की गाडी बोलू लागते.

वासाचंही विचारलंत. नव्या जीएल-५ तेलालाच उग्र, कुजकट वास येतो, तो गंधकाचा. ते जळालेलं नाही. जळालेला वास वेगळा, नाकात बोचणारा, आणि सोबत तेल काळं झालेलं असतं.

प्रश्न: गिअरबॉक्सचा आवाज येतो. जरा घट्ट तेल टाकलं तर थांबेल का?

थांबेल, काही दिवस. आवाज ही तक्रार आहे. तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबल्याने कारण जात नाही. वर थंडीत घट्ट तेल बेअरिंगांपर्यंत उशिरा पोचतं. मॅन्युअलमधलंच तेल ठेवा आणि आवाज कुठून येतो ते शोधा.

प्रश्न: गिअर टाकताना खर्रर्र आवाज यायचा म्हणून तेल बदललं. फरक शून्य. पैसे वाया गेले का?

तेल वाया जात नाही, पण ते या रोगाचं औषध नव्हतं. एक चाचणी करा. इंजिन बंद ठेवून हाय, लो, रिव्हर्स टाकून बघा. बंद असताना सहज पडतात आणि सुरू असताना खरखरतात, तर गिअरबॉक्सकडे जाणारा दांडा थांबतच नाहीये. गाडी उभी असताना पुढच्या पुलीने बेल्ट पूर्ण सोडायला हवा. आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वाढलेलं असेल, बेल्ट जास्त ताणलेला असेल किंवा पुलीचं बेअरिंग अडकत असेल तर बेल्ट थोडा थोडा ओढत राहतो, दांडा फिरत राहतो, आणि गुंतायचे दाते एकमेकांवर आपटतात. आधी आयडलचा वेग मॅन्युअलशी ताडून बघा, मग बेल्ट. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल तर लिव्हरची केबल नीट जुळवा. आणि एक सवय: गाडी पूर्ण थांबल्याशिवाय लिव्हरला हात नाही. हे दाते चालत्या गाडीत गिअर बदलण्यासाठी बनलेलेच नाहीत.

प्रश्न: ताई, मी १९ वर्षांचा आहे. गॅरेजात लागून चार महिने झाले. एका यूटीव्हीचं इंजिन ऑइल बदललं. दुसऱ्या दिवशी मालक परत आला, गाडी धूर टाकते आणि मागून घरघर येते. मी पाहिलं तर इंजिनाची दांडी खुणेच्या किती तरी वर भिजली होती. मला वाटतं मी चुकीचा प्लग उघडला. अजून कोणाला सांगितलेलं नाही. काय करू?

तू बरोबर ओळखलंस. गाडीच्या पोटाखालून इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा प्लग शेजारी-शेजारी दिसतात, कधी कधी एकाच मापाच्या पान्याचे असतात. तू गिअरबॉक्स रिकामा केलास आणि इंजिनात जुन्या तेलावर नवं ओतलंस. ही चूक मी माझ्या दुसऱ्या वर्षी केली. त्या रात्री मला झोप लागली नव्हती, म्हणून तुझं पत्र आधी उघडलं आणि उत्तर लगेच टपालात टाकलं. इथे ते इतरांसाठी छापते आहे.

गाडी आत्ता, आहे तिथे बंद कर. ती चालवत आणू नकोस, ओढून आण. इंजिनात दुप्पट तेल असलं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो, पंपाला तेलाऐवजी हवा मिळते; जास्तीचं तेल ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात जातं, तोच तुला दिसलेला धूर. इंजिनाचं सगळं तेल काढ, फिल्टर बदल, एअर फिल्टरचा डबा उघडून पूस, फिल्टर भिजला असेल तर नवा घाल, आणि मापाने भर. इंजिन बहुधा वाचेल.

गिअरबॉक्सचं खरं दुखणं आहे. तो कोरडा चाललाय, आणि किती चाललाय ते मालकाला विचारावं लागेल. प्लग उघड, उरलेलं सगळं निथळून घे, चुंबक बघ, फडक्यावर गाळ. चाकं हाताने फिरवून बघ, खडखड किंवा ढिलेपणा लागतो का. पापुद्रे किंवा टवके दिसले तर तेल भरून बघू असं म्हणू नकोस, पेटी उघडावी लागेल. फक्त लेप असेल तर योग्य तेल भर, हळू चालव, ऊबदार झाल्यावर काढ, पुन्हा गाळ आणि पुन्हा नवं भर.

हे सगळं करण्याआधी उस्तादांना सांग, आणि त्यांच्यासोबत मालकाला. मी तेव्हा दोन दिवस गप्प राहिले. त्या दोन दिवसांत गाडी अजून चालली आणि जे बेअरिंग कदाचित वाचलं असतं ते गेलं. मालक रागावला, ते बरोबरच होतं. पण तो नंतरही गाडी माझ्याकडेच आणत राहिला, आणि त्याचं कारण त्याने एकदा स्वतःच सांगितलं: इथे काय बिघडलं ते मला कळतं.

पुढच्या गाडीपासून एवढं कर. प्लग सोडवण्याआधी मॅन्युअलमधलं चित्र गाडीशेजारी उघडं ठेव. प्लगवर रंगाच्या खडूने खूण कर, इंजिनाला एक रंग, गिअरबॉक्सला दुसरा. तेल बाहेर येताना त्याचा रंग आणि वास बघ. इंजिनाचं जुनं तेल काळं आणि पातळ, गिअरचं बहुधा उजळ, आणि वास उग्र. धार पडायला लागल्यावरही शंका आली तर प्लग परत लावायला वेळ असतो. आणि नवं तेल ओतण्याआधी दांडी पुसून पुन्हा घालून बघ. इंजिन खरंच रिकामं असेल तर दांडी कोरडी निघेल. तिच्यावर तेल दिसलं तर थांब.

निघालेलं सगळं तेल झाकणाच्या डब्यात भरून, वर काय आहे ते लिहून, जुनं तेल गोळा करणाऱ्यांकडेच दे. जमिनीत किंवा गटारात एक थेंबही नको.

पाच तास गाडी चालली की गिअरबॉक्सचा प्लग पुन्हा उघड, चुंबकाचा फोटो काढ आणि मला पाठव. मी वाट बघते आहे.